कलम ५०४ आणि चौथ्या मजल्यावरचे पंचवीस दिवस

आयटीत चार-पाच वर्षं काढलेल्या कुणाही माणसासमोर '५०८' हा आकडा उच्चारा, तो एक सुस्कारा टाकेल. क्लायंट अमेरिकेतलं एखादं सरकारी खातं असेल, तर रिलीजच्या आदल्या आठवड्यात एक एक्सेल शीट येऊन आदळते. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर आहे का? माऊसशिवाय, नुसत्या कीबोर्डवर सगळं चालतं का? रंग न दिसणाऱ्या माणसाला लाल-हिरव्यातला फरक कळेल का? सगळ्या रकान्यांत 'हो' भरायचं आणि घरी जायचं.

दोन वर्षांपूर्वी मीही अशीच एक शीट भरली. चित्रं चाळीसेक होती आणि वेळ नव्हता. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहून प्रत्येक चित्राला त्याच्याच फाईलचं नाव पर्यायी मजकूर म्हणून चिकटवून टाकलं. तपासणाऱ्या टूलने हिरवा दिवा दाखवला, काम फत्ते! पंधरा दिवसांनी क्लायंटकडच्या एका अंध कर्मचाऱ्याने बग टाकला. मजकूर साधारण असा, की माझा स्क्रीन रीडर मला चाळीस वेळा 'इमेज अंडरस्कोर अमुक' एवढंच सांगतोय, तुमच्यापैकी कुणी हे पान डोळे मिटून एकदा तरी ऐकलंय का?

नव्हतं ऐकलं. मग ऐकलं. दोन मिनिटांत हेडफोन काढून ठेवला आणि मुकाट्याने चाळीस चित्रांची वर्णनं लिहायला बसलो.

पण तेव्हापासून डोक्यात एक किडा राहिला. ५०८ म्हणजे नक्की कशाचं ५०८? शोधल्यावर कळलं की अमेरिकेच्या १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात हे कलम १९८६ साली घातलं गेलं आणि १९९८ च्या दुरुस्तीने त्याला दात आले. पण खरी गोष्ट त्याच्या चार घरं मागे आहे, कलम ५०४ मध्ये. गेले दोन-तीन विकांत त्या ५०४ च्या मागेच गेले. ती गोष्ट आज सांगतो.

१९७३ चा कायदा तसा रुक्ष. पुनर्वसन, प्रशिक्षण, निधी वगैरे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी खर्चाच्या कारणावरून आधीचे दोन मसुदे नाकारले आणि अखेर २६ सप्टेंबर १९७३ रोजी सही केली. या कायद्याच्या शेपटाकडे एक वाक्य होतं. त्याचा मतितार्थ असा, की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही कार्यक्रमातून, पात्र असलेल्या माणसाला केवळ त्याच्या अपंगत्वामुळे वगळता येणार नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात वंशभेदाविरुद्ध जी भाषा होती, तीच इथे उचलून ठेवली होती. संसदेत त्यावर फारशी चर्चाही झाली नाही.

वाक्य एकच, पण केंद्राचा पैसा कोण घेत नाही? विद्यापीठं, शाळा, इस्पितळं, शहरांच्या बससेवा, सगळेच घेतात. म्हणजे या एका वाक्याने अर्ध्या देशाच्या पायऱ्या, दारं आणि संडास बदलावे लागणार होते. हे लक्षात आल्यावर पुढे जे व्हायचं तेच झालं. कायदा आला, पण तो लागू कसा करायचा याचे नियम आले नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशनवर सही झाली, पण कोड कुणी लिहिलाच नाही. आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याने नियम तयार केले, फाईल फिरली, सरकार बदललं, पण सही नाही. जानेवारी १९७७ मध्ये कार्टर आले. त्यांचे मंत्री जोसेफ कॅलिफानो म्हणाले, मला अजून अभ्यास करू द्या. अभ्यासाच्या नावाखाली नियम पातळ होणार, ही कुणकुण सगळ्यांना लागली.

अपंगांच्या संघटनांच्या राष्ट्रीय आघाडीने ४ एप्रिलपर्यंतची मुदत दिली. (आघाडीचे प्रमुख फ्रँक बो स्वतः कर्णबधिर होते.) सही झाली नाही. ५ एप्रिल १९७७ ला वॉशिंग्टन, न्यू यॉर्क, सॅन फ्रान्सिस्को अशा अनेक शहरांत त्या खात्याच्या कार्यालयांवर लोक धडकले. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, पांढऱ्या काठ्या घेऊन आत शिरले आणि तिथेच ठिय्या देऊन बसले.

आता इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मागणी एकच, दिवस एकच, खातं एकच. पण वॉशिंग्टनचा ठिय्या अठ्ठावीस तासांत संपला. जेवण आत जाऊ दिलं नाही, फोन तोडले, लोकांना बाहेर पडावं लागलं. इतर शहरांतही थोड्याफार फरकाने तेच. एकट्या सॅन फ्रान्सिस्कोत मात्र सव्वाशे-दीडशे माणसं ३० एप्रिलपर्यंत आत राहिली. पंचवीस दिवस! अमेरिकेतल्या केंद्र सरकारी इमारतीवरचा हा सगळ्यात लांबलेला अहिंसक ठिय्या मानला जातो. एकच बिल्ड सगळ्या सर्व्हरांवर टाकला, बाकीचे सगळे कोसळले आणि एक टिकला, तर आपण काय विचारतो? की त्या एका मशीनवर आधीपासून काय बसवलेलं होतं?

उत्तर खाडीच्या पलीकडे, बर्कलीला सापडतं.

एड रॉबर्ट्सला चौदाव्या वर्षी, १९५३ साली, पोलिओ झाला. मानेखाली जवळजवळ सगळं गेलं. श्वासासाठी लोखंडी फुप्फुस, म्हणजे माणूस आत झोपवायचा एक भलामोठा धातूचा नळकांडा. शाळेने शेवटी अडवलं ते कशावरून? तर मोटार चालवण्याचा आणि शारीरिक शिक्षणाचा विषय पूर्ण केला नाही म्हणून प्रमाणपत्र देणार नाही! आईने भांडून ते मिळवलं. पुढे कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने शिक्षणाचा खर्च द्यायला नकार दिला, कारण इतका अपंग माणूस नोकरी काय करणार? वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर खातं नमलं. १९६२ मध्ये तो बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. वसतिगृहाच्या जमिनीला त्या लोखंडी फुप्फुसाचं वजन पेलवेना, म्हणून त्याची राहायची सोय विद्यार्थ्यांच्या दवाखान्यात केली.

इथे जरा थांबून घरची एक गोष्ट सांगतो. माझा एक मामेभाऊ आहे. त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो. लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर आणि कुबड्यांवर चालतो, लांब जायचं तर चाकाची खुर्ची. बारावीला त्याला पुढे मला पडले त्याहून जास्त मार्क पडले होते आणि इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता. पण त्या कॉलेजला (नाव नको) लिफ्ट नव्हती आणि पहिल्या वर्षाचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर. मामा-मामी, माझे आईबाबा, दोन काका आणि फॅमिली डॉक्टर असे सगळे बसले. चहा झाला. 'त्याची ओढाताण नको' असं सर्वानुमते ठरलं. दादा तेव्हा आतल्या खोलीत होता. त्याला विचारायला कुणी गेलं नाही. सगळ्यांचा त्याच्यावर जीव होता, हेही तितकंच खरं.

असो. बर्कलीच्या दवाखान्यात एडच्या मागोमाग तसेच आणखी विद्यार्थी आले, साठच्या दशकाच्या अखेरीस डझनभर झाले. त्यांनी स्वतःला 'रोलिंग क्वाड्स' असं नाव घेतलं. दवाखाना असला तरी तिथे एक गोष्ट वेगळी होती. आपला मदतनीस आपण निवडायचा, त्याला काम आपण समजावायचं, नाही पटला तर आपणच काढायचा. ज्या मुलाला आयुष्यभर 'किती वाजता झोपायचं' हेही दुसऱ्याने सांगितलं, तो आता मुलाखती घेत होता! पुढे एका सरकारी समुपदेशक बाईंनी अभ्यासातल्या प्रगतीच्या नावाखाली दोघांना तिथून काढायचं ठरवलं, तेव्हा ही मुलं एकत्र आली, वर्तमानपत्रांकडे गेली, आणि बदली बाईंची झाली. पहिली लढाई जिंकली.

त्यातूनच १९७० मध्ये विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांची सेवा सुरू झाली आणि १९७२ मध्ये बर्कली शहरात 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग'. तिथे खुर्च्या दुरुस्त होत, मदतनीसांच्या याद्या मिळत, पायऱ्या नसलेली घरं शोधून दिली जात. आणि हे सगळं चालवणारे स्वतः अपंग होते. संस्थापकांपैकी हेल झुकास याचं बोलणं सेरेब्रल पाल्सीमुळे कळायला अवघड जाई, म्हणून तो डोक्यावरच्या टोपाला लावलेल्या काडीने अक्षरांच्या पाटीवर एकेक अक्षर दाखवत बोले. वेळ लागे, पण समोरचे थांबत. १९७५ मध्ये एड रॉबर्ट्स कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याचा प्रमुख झाला. ज्या खात्याने त्याला 'नोकरीस अयोग्य' ठरवलं होतं, त्याच खात्याचा!

दुसरा धागा देशाच्या दुसऱ्या टोकाचा. ज्यूडी ह्यूमन न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधली. दीड वर्षाची असताना पोलिओ. शाळेने सांगितलं, आग लागली तर हिची खुर्ची इतरांना धोक्याची. १९७० मध्ये शिक्षिकेचा परवाना नाकारला, कारण पुन्हा तेच. तिने खटला भरला, परवाना मिळवला आणि शाळेत शिकवलंही. पण हे भांडायचं बळ आलं कुठून? त्याचा एक भाग कॅट्सकिल डोंगरांतल्या कॅम्प जेनेड नावाच्या उन्हाळी शिबिरात आहे. १९५१ ते १९७७ चाललेल्या या शिबिरात अपंग मुलं घराबाहेर, आईवडिलांपासून दूर राहत. ज्यूडी तिथे आधी शिबिरार्थी म्हणून आणि मग मार्गदर्शक म्हणून गेली. २०२० सालच्या 'क्रिप कॅम्प' या माहितीपटात तिथलं १९७१ चं चित्रण आहे. त्यात एका प्रसंगात आचाऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी काय रांधायचं यावर सभा भरलीय, आणि ज्यूडी एकेकाला विचारतेय, तुला काय वाटतं? ज्याला एक वाक्य बोलायला मिनिट लागतं, त्यालाही. विषय जेवणाचा, पण ती तालीम होती.

१९७३ मध्ये एडच्या बोलावण्यावरून ज्यूडी बर्कलीला आली. म्हणजे ठिय्याच्या आधीपासूनच ही सगळी मंडळी एकमेकांना ओळखत होती आणि एकमेकांसोबत काम करत होती. मशीनवर आधीपासून काय बसवलेलं होतं, तर हे.

आता चला चौथ्या मजल्यावर. सॅन फ्रान्सिस्कोचा ठिय्या आपोआप उभा राहिला नव्हता. मुख्य आखणी किटी कोन हिची. स्नायूंचा आजार असलेली, खुर्चीवरून फिरणारी आणि आधीच्या अनेक आंदोलनांत मुरलेली कार्यकर्ती. ५ एप्रिलच्या कितीतरी आधी तिने चर्च, कामगार संघटना, नागरी हक्कवाले अशांची मोट बांधली होती आणि कामं वाटली होती. औषधांचं कोण बघणार, पत्रकारांशी कोण बोलणार, पैसे कोण जमवणार. आत गेल्यावर प्रत्येकाला काही ना काही काम होतं, आणि 'तुला जमेल का?' असं कुणी कुणाला विचारत नव्हतं.

विचार करा, यातले कित्येक जण रात्री स्वतः कूसही बदलू शकत नव्हते. तास दोन तासांनी कुणी वळवलं नाही तर पाठीला जखमा. काहींना कॅथेटर. घरचे मदतनीस सगळ्यांबरोबर नव्हते. मग अंध माणसाने लुळ्याला भरवायचं, चालणाऱ्याने रात्री सगळ्यांना वळवायचं. औषधं थंड ठेवायला फ्रीज नव्हता, तर एका खोक्याला चिकटपट्टी लावून ते एअर कंडिशनरला चिकटवलं, झाला फ्रीज! (जुगाड ही काही आपलीच मक्तेदारी नाही.) अधिकाऱ्यांनी फोन तोडले, तेव्हा कर्णबधिर कार्यकर्ते खिडकीत उभे राहून खालच्या लोकांना खुणांच्या भाषेत निरोप देऊ लागले. एरवी ज्याला लोक 'कमतरता' म्हणत, ती त्या दिवशी इमारतीतली एकमेव चालू असलेली टेलिफोन लाईन होती.

आणि जेवण? ब्लॅक पँथर पक्षाचे लोक रोज गरम जेवण घेऊन येत. त्यांचा एक कार्यकर्ता ब्रॅड लोमॅक्स मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे खुर्चीवर होता आणि ठिय्यात आत होता, त्याचा मदतनीस चक जॅक्सनही पँथरच होता. ओकलंडच्या गरीब वस्तीत अपंगांसाठी केंद्र काढावं म्हणून लोमॅक्स आधीपासून बर्कलीच्या केंद्राशी बोलत होता, म्हणजे ही ओळख एका रात्रीत झालेली नव्हती. शहराचे महापौर मॉस्कोनी यांनीही झोपण्या-अंघोळीच्या सोयीसाठी सामान पाठवलं.

रोज रात्री सभा होई, लांबलचक. खुणांचा दुभाषी मध्ये, सावकाश बोलणाऱ्यासाठी सगळे थांबलेले. राहायचं की जायचं, हे रोज सगळे मिळून ठरवत. मला वाटतं, कॅलिफानोंच्या लोकांनी हीच गोष्ट ओळखली नाही. त्यांना वाटलं, ही बिचारी माणसं दोन दिवसांत घरी जातील. पण या सभेत बसलेल्यांना पहिल्यांदाच कुणी बिचारं म्हणत नव्हतं. घरी कोण जाईल?

१५ एप्रिलला खासदार फिलिप बर्टन आणि जॉर्ज मिलर यांनी त्याच इमारतीत सुनावणी घेतली. खात्याचा माणूस वॉशिंग्टनहून बदलांची यादी घेऊन आला. त्यातला सूर असा, की सगळ्या शाळा बदलण्यापेक्षा अपंगांसाठी वेगळ्या सोयी करू. 'वेगळं पण समान' हे शब्द अमेरिकेत वंशभेदाच्या काळात बदनाम झालेले. ज्यूडी बोलायला लागली, तेव्हा तिचा आवाज कापत होता. समोरचा अधिकारी सहानुभूतीने मान डोलवत होता. तिने त्याला सुनावलं की तुम्हाला आमचं बोलणं कळतंय असं मला वाटत नाही, तेव्हा कृपा करून ती मान डोलवणं थांबवा. मला त्या पंधरवड्यातलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य वाटतं. दहा वर्षांपूर्वी ती बोलली असती का? माहीत नाही. पण जेनेडच्या जेवणाच्या सभेपासून ती हेच शिकत आली होती.

त्यानंतर काही जण वॉशिंग्टनला गेले. विमानतळावर खुर्च्या चढवता येतील अशी बस नव्हती, म्हणून यंत्रकामगारांच्या संघटनेने मालवाहू ट्रक दिला. खिडक्या नसलेल्या अंधाऱ्या ट्रकात बसून ही मंडळी कॅलिफानोंच्या घरासमोर जाऊन मेणबत्त्या घेऊन उभी राहिली. अखेर २८ एप्रिल १९७७ रोजी सही झाली, नियम पातळ न करता. ३० तारखेला लोक चौथ्या मजल्यावरून खाली उतरले, गात गात. कितीतरी जणांना घरी जावंसं वाटत नव्हतं म्हणे.

पुढचं भराभर सांगतो. ५०४ च्या पायावर १९९० चा अमेरिकेतला व्यापक अपंग हक्क कायदा आला, त्यात खाजगी दुकानं-कंपन्याही आल्या. ज्यूडी पुढे सरकारात मोठ्या पदांवर गेली, २०२३ मध्ये वारली. आणि चार घरं पुढच्या ५०८ ची शीट माझ्या इनबॉक्सात आली.

आपल्याकडे? एक थेट दुवा आहे. जावेद आबिदी स्पायना बिफिडामुळे खुर्चीवर असलेले. ते अमेरिकेत ओहायोच्या राइट स्टेट विद्यापीठात शिकले, जिथे खुर्चीवरून सगळीकडे जाता येत असे. परत आल्यावर त्यांनी इथे अपंग हक्कांसाठी गट उभा केला. डिसेंबर १९९५ मध्ये दिल्लीत शेकडो अपंग रस्त्यावर आले आणि त्याच महिन्यात संसदेने आपला पहिला अपंग हक्क कायदा मंजूर केला. २००१ च्या जनगणनेत अपंगांची मोजणी व्हावी म्हणूनही भांडावं लागलं. मोजल्यावर आकडा निघाला २ कोटी १९ लाख. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. आबिदी २०१८ मध्ये गेले.

आणि कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक. सोळा-सतराव्या वर्षी कमरेखालचं बळ गेलं. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मचरित्र तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. त्यांना उभारी दिली ती बाबूकाका दिवाण यांनी, जे स्वतः खुर्चीवर होते. १९८४ मध्ये नसीमादीदींनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. बर्कली आणि कोल्हापूर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण गोष्ट तीच. आधी आपल्यासारखाच एक माणूस स्वतःच्या मर्जीने जगताना दिसावा लागतो.

नावाचंच बघा ना. २०१५ साली पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि तो सरकारी कागदांवर आला. अपंगांच्या अनेक संघटनांनी तेव्हा विरोध केला, की आम्हाला दिव्य करू नका, रॅम्प करा. शब्द चांगला की वाईट यात मी पडत नाही. पण ज्यांचं नाव बदलायचं त्यांना आधी विचारलं होतं का, हा प्रश्न मला आता पडतो. पूर्वी पडला नसता.

कारण मी तरी कुठे विचारतो? गेल्या दिवाळीत आम्ही सगळी भावंडं तारकर्लीला गेलो. बुकिंग माझ्याकडे होतं. वाळू, पायऱ्या, होडी... दादाला उगाच त्रास, म्हणून मी त्याला विचारलंच नाही. आतल्या खोलीतल्या दादाची गोष्ट सांगताना काका-मामांना नावं ठेवणारा मी, तीच मीटिंग मी एकट्याने माझ्या लॅपटॉपवर घेतली होती. चहासकट.

म्हणून या शनिवारी त्याला फोन केला, ५०४ ची गोष्ट सांगितली, तारकर्लीबद्दल माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "होडीत मी तुझ्याआधी बसलोय, कॉलेजच्या पोरांबरोबर. तुला पोहता येत नाही, मला येतं." हे मला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं ओळखतो मी त्याला!

पुढच्या सहलीचं बुकिंग आता त्याच्याकडे आहे. कालच दोन हॉटेलवाल्यांना फोन करून त्याने न्हाणीघराच्या दाराची रुंदी इंचात विचारली, एकाने टेप घेऊन मोजून सांगितली म्हणे. कामांची शीट त्याने बनवून पाठवलीय. प्रत्येकाच्या नावापुढे एक काम आहे. माझ्यापुढे लिहिलंय, 'सामान उचलणे'. :)